थांबायला लागणारा पाव सेकंद

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘सर, मला सगळं येत असतंय, पण गडबडीत चुकते. माझ्यात दमच नाही,’ असं लिहिलंस. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खरं नाही, आणि ते का नाही हे सांगायलाच हे पत्र.

सराव परीक्षेच्या पेपरांचे फोटो नीट पाहिले. जीवशास्त्रात जिथे जिथे ‘खालीलपैकी चुकीचं विधान कोणतं’ असं विचारलंय, तिथे तू पहिलं बरोबर विधान दिसताच गोल काळा करून मोकळी झालीस. विषय येतो म्हणूनच असं झालं. बरोबर विधान हेरायची सवय इतकी मुरलीय, की ‘चुकीचं’ हा शब्द मनात उतरायच्या आत हात चालतो. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं की एक वजा, म्हणजे असा एकेक गोल तुला पाच गुणांना पडतोय.

गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या संशोधकांनी १९८४ मध्ये नेमक्या याच प्रकाराचा हिशोब मांडला. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, मात्र मध्येच थांबायची खूण झाली तर हात आवरायचा, अशी ती चाचणी असते. मेंदूत ‘कर’ आणि ‘थांब’ हे दोन आदेश वेगवेगळे सुटतात आणि जो आधी पोचेल त्याचं चालतं. धडधाकट तरुण माणसालाही थांबायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळपास पाव सेकंद. बोट पडायला त्याहून कमी वेळ उरला असताना खूण मिळाली तर कितीही संयमी माणूस असो, बोट बटणावर पडतंच. यात स्वभावाचा दोष काढण्यासारखं काही नाही.

हा ‘थांब’ कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून निघतो, त्यातही उजव्या बाजूच्या खालच्या भागाचा वाटा मोठा. २००३ मध्ये ॲडम ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांची हीच चाचणी घेतली. इजा जितकी मोठी, तितका थांबायला वेळ जास्त लागत होता. तिथून आदेश खोलवरच्या बेसल गँग्लियात जातो. त्याचं काम आपल्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या रेल्वे गेटवरून समजून घे, फक्त उलटं. आपलं गेट एरवी उघडं असतं, गाडी आली की पडतं. मेंदूतलं गेट मुळात पडलेलंच असतं. बेसल गँग्लियाचा आदेश बाहेर पाठवणारा भाग थॅलॅमसला, म्हणजे कॉर्टेक्सकडे निरोप पोचवणाऱ्या केंद्राला, सतत दाबून धरतो. हवी ती एक हालचाल करायची म्हटलं की बेसल गँग्लियातलाच स्ट्रायटम नावाचा भाग तेवढ्यापुरता हा दाब काढतो. आणि ऐनवेळी ‘थांब’ आला, तर सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचं इवलंसं केंद्र गेट पुन्हा खाली पाडतं. पडत्या गेटखालून जे लोक स्कूटर वाकडी करून काढतात, त्यांना गेटपाशी पोचल्यावर अडवता येत नाही. अडवायचं तर आधीच, वळणावर.

म्हणून ‘पुढच्या वेळी हात आवरीन’ असली शपथ घेऊ नकोस. हात सुटूच नये अशी सोय कर. प्रश्न वाचताना पेन उत्तरपत्रिकेकडे न्यायचं नाही, प्रश्नपत्रिकेवरच ठेवायचं. ‘नॉट’, ‘इन्करेक्ट’, ‘एक्सेप्ट’ दिसलं की त्याला गोल करायचा आणि चारही पर्यायांपुढे बारीक बरोबर-चूक लिहून मगच उत्तरपत्रिकेकडे वळायचं. ‘असं दिसलं तर असं करीन’ असा आधीच ठरवलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये याच विषयावर लिहिलंय आणि मला ते मुलांच्या बाबतीत पुरेपूर पटलेलं आहे.

आता लक्षाचं. तुमच्या वडगावच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड असते आणि त्यात तू अभ्यास करतेस. कधी बघितलंस का, माग चालू असताना तुझं वाचन मोडत नाही, पण लाइट गेली आणि सगळे माग एकदम बंद झाले की मान वर होते? एकसारख्या आवाजाची मेंदूला सवय होते. बदल झाला की मात्र तो वळणारच, कारण बदलात धोका किंवा फायदा असू शकतो. मोबाइलची टिंगटिंग नेमकी यावर चालते. ती दर वेळी नवी असते, म्हणून तिची सवय होत नाही. फोन उलटा ठेवून भागणार नाही, आईच्या खोलीत ठेव.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण मला ती सर्वांत मोठी वाटते. दहावीपर्यंत तू मराठी माध्यमात होतीस. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आल्यावर पुस्तक इंग्रजी, वर्गात इंग्रजी आणि कन्नड, घरी मराठी. मनात एका वेळी तीन-चारच गोष्टी धरून ठेवता येतात. त्यातली जागा वाक्याचा अर्थ लावण्यातच गेली, तर प्रश्न धरून ठेवायला उरतं काय? खानापूर, निपाणीकडून येणारी कितीतरी हुशार पोरं पहिल्या वर्षी ‘लक्ष नाही’ म्हणून शिक्का घेऊन बसतात, ते यामुळेच. धडा आधी मराठीत स्वतःला सांग, मग इंग्रजी वाच. यात कमीपणा काही नाही.

सगळ्या वर्गासमोर उभं करून ‘लक्ष कुठं हाय गं तुझं?’ असं विचारलं गेल्याचं वाचून मला राग आला. येल विद्यापीठाच्या ॲमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलंय, की प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन हे मेंदूतले रासायनिक द्रव्य मापातच लागतं. कमी पडलं तरी काम ढिलं, भीतीनं फार वाढलं तरी ढिलं. म्हणजे लक्ष लागावं म्हणून ओरडणारा माणूस लक्ष लावणारा भागच बंद पाडतो. रात्री दोनपर्यंत जागण्यानंही त्याच भागाचं नुकसान होतं, तेव्हा तेही थांबव. शिवाय हा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. तू सतरा वर्षांची आहेस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्वतःला आवरता येत नाही त्या विकाराचा. रील बघून ते ठरत नाही. बारा वर्षांच्या आधीपासून, घरी आणि शाळेतही, विसरणं, हरवणं, मध्येच बोलणं असं चालू असेल आणि त्यानं रोजचं अडत असेल, तर तपासून घ्यायला हवं. मुलींच्या बाबतीत हे अनेकदा सुटतं, कारण बऱ्याचजणी दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात. २००७ मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूची स्कॅन तपासली. एडीएचडी असलेल्या मुलांत कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, वाढ त्याच क्रमानं होत होती, फक्त सरासरीनं तीनेक वर्षं मागून. औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. मैत्रिणीच्या भावाकडची गोळी परीक्षेआधी घ्यायची नाही, हे बजावून सांगतो. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे.

आईशी मी बोलतो. ‘लोक काय म्हणतील’ हे त्या म्हणणारच, त्याची काळजी तू करू नकोस. तू फक्त पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तकं शोधून ठेव. खाली शिक्षकांचे शेरे असतात ना, डॉक्टरांना ते उपयोगी पडतात.

तुझे सर