न जुळलेल्या ओळी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. संगीताच्या हक्कांची संस्था म्हटल्यावर गाणी, कलावंत, स्टुडिओ असं काहीतरी तुझ्या मनात होतं आणि रुजू झाल्यापासून समोर एक्सेलची शीट आहे. इंटर्नला उरलंसुरलं काम देतात, असा सूर पत्रात जाणवला. तो मला पटत नाही. तुमच्या संस्थेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या शीटमध्येच चालतं, आणि ते कंटाळून केलं तर ज्याचं नुकसान होतं त्याला ते कळतही नाही.

एक गाणं वाजतं तेव्हा कायद्याच्या नजरेत दोन गोष्टी वाजत असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या रचनेचं ध्वनिमुद्रण. रचनेचे हक्क गीतकार, संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाचे. ध्वनिमुद्रणाचे बहुधा निर्मात्या कंपनीचे. गायक-वादकांचे आणखी निराळे. रचनेला आयएसडब्ल्यूसी क्रमांक मिळतो, ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी. एकाच रचनेची मूळ, मैफलीतली, रिमिक्स केलेली, दुसऱ्या कुणी गायलेली अशी कितीतरी ध्वनिमुद्रणं असतात. स्ट्रीमिंग कंपनीकडून येणारी यादी ध्वनिमुद्रणांची असते आणि तुमच्या संस्थेची वही रचनांची. या दोन्हींची गाठ घालणं हे तुझं काम आहे. ती बसेपर्यंत गाणं लाख वेळा वाजलं तरी संगीतकाराच्या खात्यात काही जमा होत नाही.

यादीतल्या बऱ्याच ओळी यंत्रच जुळवतं. तुझ्यापर्यंत येतात त्या त्याला न जमलेल्या, म्हणून अवघड. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे संगीतकाराच्या रकान्यात गायकाचं नाव. शीर्षक असं की त्याच नावाची ढीगभर गाणी निघावीत. अशा वेळी ‘हेच असणार’ असं मनात येतं. तेव्हा हात आवरायचा. न जुळलेली रक्कम बाजूला पडून असते, ती पुढे शोधता येते. चुकीची जुळलेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाते, आणि मग कुणी तक्रार करत नाही: ज्याला मिळाली तो बोलत नाही, ज्याची गेली त्याला पत्ता नसतो. शिवाय एकदा जुळवलेली जोडी यंत्र लक्षात ठेवतं. पुढच्या प्रत्येक वितरणात, म्हणजे पैसे वाटताना, तीच चूक आपोआप होत राहते.

नावावर विसंबू नकोस, आयपीआय क्रमांक बघ, म्हणजे रचनाकाराची किंवा प्रकाशकाची ओळख सांगणारा क्रमांक. टोपणनावाला स्वतंत्र नाम-क्रमांक असतो, पण मुळाशी माणूस एकच असतो. क्रमांक नसेल तर सहगीतकार, प्रकाशक, गाण्याची लांबी, प्रदर्शनाचं वर्ष यांतल्या निदान दोन गोष्टी जुळू देत. आणि कानांना विसरू नकोस. दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकली की चाल एकच आहे का ते चटकन कळतं. शीटवर काम करणारे हे फार क्वचित करतात.

मात्र ‘न जुळलेल्या’त ओळ टाकली की सुटलो, असंही नाही. बहुतेक संस्थांमध्ये ठरावीक मुदतीनंतर ही रक्कम इतर सदस्यांत वाटली जाते, पुष्कळदा त्यांच्या कमाईच्या प्रमाणात. म्हणजे अनोळखी संगीतकाराचे पैसे, ज्यांना आधीच भरपूर मिळतं त्यांच्याकडे वळतात. मला या व्यवसायातलं हे सगळ्यात जास्त टोचतं. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत आपल्याच रचना फुकट वाजताना पाहून एर्नेस्ट बुर्जे आणि त्याच्या साथीदारांनी बिल द्यायला नकार दिला. न्यायालयानं त्यांची बाजू घेतली आणि त्यातूनच १८५१ मध्ये ‘सासेम’ ही फ्रान्समधली रचनाकारांची हक्क-संस्था उभी राहिली. एकटा रचनाकार दारोदार जाऊन वसुली करू शकत नाही, म्हणून या संस्था आहेत. ज्याला वसुली जमत नाही त्याच्यापर्यंतच पैसे पोचले नाहीत, तर संस्थेचा उपयोग काय?

क्यू शीटचं काम आलं तर आनंदानं घे. मालिकेत कुठलं संगीत किती सेकंद वाजलं आणि ते कुणाचं, हे त्यात असतं. पार्श्वसंगीत करणाऱ्याचं नाव प्रेक्षकाला ठाऊक नसतं, त्याची रॉयल्टी त्या कागदावरच अवलंबून असते. शीट अर्धवट आली तर निर्मात्याकडे पुन्हा पुन्हा माग.

फोन उचलायची संधी सोडू नकोस. ‘माझं गाणं सारखं कानावर पडतं, मग रक्कम एवढीच कशी?’ हा प्रश्न रोज येईल. तंत्राच्या शब्दांनी उत्तर देऊ नकोस. स्टेटमेंट उघड, कुठला वापर, कुठला काळ, ते एकेक ओळ वाचून दाखव. गाणं वाजणं आणि पैसे येणं यांत महिने जातात, परदेशातून येणाऱ्या पैशांना आणखी वेळ लागतो, हेही सांग. खात्री नसलेल्या रकमेचं आश्वासन देऊ नकोस. वारसांचे फोन विशेष सांभाळ. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क टिकतात, कित्येक देशांत ७०. पण घरच्यांना याची कल्पनाच नसते. कागदपत्रं कोणती लागतात, ती यादी त्यांच्या हाती दे.

कधी एका रचनेतल्या वाट्यांवरच्या दाव्यांची बेरीज शंभर टक्क्यांवर गेलेली दिसेल. निवाडा तू करायचा नाहीस. वादातला वाटा रोखून ठेव, दोन्ही बाजूंकडे कागद माग. एक बाजू नामवंत असली तरी कागद तेवढाच माग. तुझी मित्रमंडळी बँडमध्ये आहेत ना? गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी कुणाचा वाटा किती ते लिहून सह्या करा, असं त्यांना बजाव.

कुणाला किती मिळतं ते मात्र कार्यालयाबाहेर न्यायचं नाही, घरीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात वरिष्ठांकडून वितरणाचे नियम मागून घे आणि पूर्ण वाच. पार्श्वसंगीताच्या मिनिटाला आणि पडद्यावर समोर गायल्या जाणाऱ्या गाण्याच्या मिनिटाला सारखंच मोजतात का, ते बघून मला लिही. त्यावर मला तुझं मत हवं आहे.