राज्यपाल नुसतं 'मी' म्हणून का थांबले?

प्रिय चिऊ,

परवा मुंबईतल्या शपथविधीची क्लिप बघताना तू विचारलंस, "बाबा, गव्हर्नर नुसतं 'मी' म्हणून थांबले का? आणि बॉस तेच ना?" तेव्हा गॅसवर भाजी करपत होती, म्हणून हे पत्र.

तो 'मी' म्हणजे सुरुवात करून देणं. पुढे मंत्री स्वतःचं नाव घेऊन शपथ वाचतात. शब्द संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ठरलेले. डिसेंबर २०१९ मध्ये एका मंत्र्याने पदरचे शब्द घातले, तर राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली!

आपल्या न्यू जर्सीत गव्हर्नर लोकांच्या मतांवर येतात आणि सरकारही तेच चालवतात. महाराष्ट्रात ते काम मुख्यमंत्र्यांचं. राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, म्हणजे खरं तर दिल्लीचं सरकार. राज्यपाल म्हणजे लग्नातले भटजी समज. त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही, पण स्थळ ते ठरवत नाहीत. ते ठरवते विधानसभा. २८८ पैकी १४५ आमदार ज्याच्या मागे, तो मुख्यमंत्री. बाकीचे मंत्री तो सुचवतो, आणि सगळे मिळून ४३ च्या वर जाता येत नाही.

१४५ कुणाकडे हेच नक्की नसलं की भटजींना महत्त्व येतं. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस, अजित पवार शपथ घेऊन मोकळे. एवढा लवकरचा मुहूर्त कुणी पाहिला नव्हता. 'पहाटेचा शपथविधी' हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. सर्वोच्च न्यायालयाने सभागृहात बहुमत सिद्ध करा म्हटलं, २६ ला राजीनामा आला, आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी.

मला मात्र त्यापेक्षा विधान परिषदेची, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात राज्यपालांनी नेमायची, बारा नावं जास्त खटकतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने यादी पाठवली. राज्यपालांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जून २०२२ मध्ये ठाकरे सरकार गेलं, तरी यादी तशीच. शेवटी नव्या सरकारनेच ती मागे घेतली. सही न करणं हाही निर्णयच की!

यात चूक कुणाची, हे आजोबांना विचारायचं असेल तर काका घरात नसताना फोन कर. मागच्या वेळी दोघांचा चहा गार झाला होता.

तुझा,
बाबा