"निवृत्तीनंतर बघू" म्हणणाऱ्या पोरीला

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. नोकरीत आता रविवारही हाताशी राहत नाही, म्हणून मासेमारीची काठी-रीळ बांधून माळ्यावर टाकतेस आणि "पुढचं निवृत्तीनंतर बघू" असं लिहिलंयस. हेच वाक्य मी अठ्ठाविसाव्या वर्षी बोललो होतो आणि पुन्हा गळ टाकला तो साठी उलटल्यावर. मधली ३२ वर्षं नदी दिसली ती पुलावरून, गाडीच्या काचेतून. तेव्हा 'टाकू नकोस' म्हणायला माझं तोंड नाही. टाक. पण या ३२ वर्षांत माझं काय टिकलं आणि काय गेलं ते ऐकून घे.

टिकलं ते बोटांत. पहिल्या संध्याकाळी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हातात घेतला आणि डोक्याला काही आठवायच्या आत बोटांनी गाठ मारायला घेतली. गळाच्या नेढ्यातून ओवायचं, मूळ दोरीभोवती पाच वेढे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून घालून मग मोठ्या फाशातून परत, थुंकी लावून हळूच ओढायचं. एकदाही अडखळलो नाही. अडखळलो ते त्याच्या आधी, ओवताना! नेढं दिसेचना. चष्मा नाकावर, गळ उजेडाकडे धरलेला, आणि तंगूस दर वेळी बाजूने सुळकन निघून जातोय. चौथ्या खेपेला गेला. आता मी दहा-बारा गळ घरीच दिव्याखाली बांधून नेतो.

सामानाच्या बाबतीत मात्र मी गाढवपणा केला. रिळावर ३२ वर्षांपूर्वीचाच तंगूस होता. सोडला तर स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन बाहेर आला. उन्हाने आणि वयाने नायलॉन कमकुवत होतो हे मला ठाऊक होतं, तरी 'आजचा दिवस निघेल' म्हणून तोच वापरला. दुसऱ्या सकाळी फ्लोट, म्हणजे दोरीवरची तरंगती खूण, आधी आडवा झाला, मग तिरका सरकत पाण्याखाली गेला. काठी वाकली, रीळ दोनदा कुरकुरलं, आणि टक्. हातात एकदम हलकं. मासा निसटल्याचं मला कधीच फार वाटत नाही, तो त्याचा डाव असतो. पण तो तोंडात गळ आणि मागे हातभर दोरी घेऊन गेला, केवळ माझ्या आळसामुळे. ते अजून सलतं.

खरं नुकसान याहून वेगळं होतं. पाणी वाचायचं मी विसरलो होतो. भर उन्हाळ्यात दुपारी, जुन्या आवडत्या जागी, उथळ संथ पाण्यात गळ टाकून आठवडाभर बसलो. फ्लोट हललासुद्धा नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. अशा दिवसांत मासे दगडांवरून पाणी फेसाळत पडतं तिथे सरकतात. विशीत मला हा आकडा माहीत नव्हता, पण पाय आपोआप त्या धारेकडे वळायचे. आता आकडा माहीत आहे, पाय वळत नाहीत.

तसंच पहाटेचं. मासेमारी पहाटेच करावी असं सगळेच सांगतात, मीही तुला सांगितलं होतं. ते अर्धवट होतं, दुरुस्त करून घे. शेवाळ आणि पाणवनस्पतींनी गच्च भरलेल्या तळ्यात रात्रभर वनस्पतीही श्वास घेतात, त्यामुळे तिथे प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात अशा तळ्यावर दोन-तीन तास उशिरा गेलीस तरी काही बिघडत नाही.

आणि पावलं. कार्प आणि कॅटफिश यांच्या जातकुळीत हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. त्यांना चांगलंच ऐकू येतं, काठावरची धपधप तर हमखास. तरुणपणी मी मांजरासारखा जायचो. आता गुडघे कुरकुरतात, पाऊल जड पडतं, वर हातात टेकायची काठी. पोचतो तेव्हा काठाजवळचे मासे निघून गेलेले असतात. म्हणून पोचल्यावर वीस मिनिटं काहीच करत नाही, नुसता बसतो. खाली बसण्याचा आणखी एक फायदा असा की माशाला काठावरचं जग वरच्या एका गोल खिडकीतून दिसतं आणि त्या खिडकीच्या कडेला बुटकी वस्तू जवळपास दिसेनाशी होते. उभा माणूस मात्र लगेच नजरेत भरतो.

निवृत्तीबरोबर संयम येतो हा समज कुणी पसरवला कोण जाणे. येतो तो वेळ. संयम तर माझा नोकरीत पार संपला होता. दर पाच मिनिटांनी गळ ओढून आमिष तपासायचो, जणू वरिष्ठांना अहवाल पाठवायचा आहे. गळाला एकटं सोडायला एक अख्खा हंगाम गेला.

नवीन गोष्टी शिकायला त्या मानाने सोप्या गेल्या. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडताना ती उचलू नये. विणलेली दोरी ताणली की बोट कापते. परवाना आणि नियम दर वर्षी नव्याने बघावे लागतात, कारण ते बदलतात. ब्रिटनमध्ये दोरीला लावायची शिशाची वजनं गिळून हंस मरू लागले म्हणून १९८७ पासून शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. मासा परत सोडायचा असेल तर हात आधी ओले कर, कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत थर निघतो. तुला स्वतःला श्वास रोखून धरता येईल त्याहून जास्त वेळ त्याला पाण्याबाहेर ठेवू नकोस. टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकलेला गळ पटकन सुटतो. तुझे आतापासून तसेच कर.

आता मागणं एकच. काठी माळ्यावर जाऊ दे, तू जाऊ नकोस. महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं, रिकाम्या हाताने कुठल्याही पाण्याशेजारी उभी राहा. वारा कोणत्या काठाकडे वाहतोय ते बघ, कारण वरवर तरंगणारं खाणं तिकडेच गोळा होतं. पाण्याचा रंग, पातळी, कुठे गोल उठले, एवढं वहीत लिही. मी हे केलं असतं तर माझा तो आठवडा वाचला असता.

आणि माळ्यावर टाकण्याआधी रीळ गोड्या पाण्याने पुसून वाळव, त्यावरची दोरी काढून टाक, ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सैल कर. गळ कोरडे करून डबीत ठेव. काठीचे दोन भाग वेगळे करायला विसरू नकोस. मी विसरलो होतो. ते इतके घट्ट बसलेत की साबण, गरम फडकं, दोघांनी दोन्हीकडून ओढणं, सगळं करून झालं. माझी ती काठी अजून जोडलेलीच आहे आणि मावत नाही म्हणून माळ्यावर तिरकी पडली आहे.

तुझा,
काका