बाली जानेवारीत?

प्रश्न : ताई, २००७ साली लग्नानंतर आम्ही बालीला गेलो होतो. कुटाच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू अजून शोकेसमध्ये डबीत आहे. यंदा जानेवारीत मुलीला हौसेने तिथे नेलं, तर पायाखाली बाटल्या, स्ट्रॉ, एक फाटकी चप्पल. वर मरणाची गर्दी. मुलगी म्हणाली, "आई, हे तर आपल्या खाडीसारखंच आहे." आम्ही आठवणीत जास्तच रंग भरले होते का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : रंग खरेच होते हो, महिना चुकला. साधारण डिसेंबर ते मार्च तिथे पाऊस आणि पश्चिमेचा वारा. नद्यांतून वाहून आलेलं प्लास्टिक लाटा कुटा, लेगियान, सेमिन्याकच्या किनाऱ्यांवर आणून टाकतात. सकाळी उचललं, तरी भरतीबरोबर पुन्हा हजर. (मी ऐरोलीची, भरतीचं मला सांगू नका!)

गर्दीचं खापर मात्र वाऱ्यावर फोडता येणार नाही. ती आपणच. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख इंडोनेशियन रुपिया (आपले रुपये नव्हेत) कर म्हणून घेतात, तेवढ्याने कोण थांबतंय? थायलंडने २०१८ मध्ये माया बे हा गर्दीचा किनारा सरळ बंदच केला आणि २०२२ मध्ये उघडला तो पोहण्यावर बंदी घालून.

पुन्हा जायचंच असेल तर मे-जूनमध्ये जा आणि कुटा सोडून ईशान्येला आमेड गाठा. तिथली वाळू काळी असते. डबीत भरू नका, शोकेसमध्ये कोळशाची पूड वाटेल.