सिटकॉममधलं हसणं खरं असतं का? आणि आमच्या वेब सिरीजला ते लावावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. फ्रेंड्स, बिग बँग थिअरी वगैरे सिटकॉममध्ये, म्हणजे त्याच त्या माणसांवरच्या छोट्या भागांच्या विनोदी मालिकांमध्ये, मागून जे हसणं ऐकू येतं ते खरं की रेकॉर्डेड, आणि पुण्यात एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांवर तुम्ही मित्रमित्र मिळून जी वेब सिरीज करताय तिला ते लावलं तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. लावू नका. पण का ते कळायला पहिल्याचं उत्तर नीट द्यावं लागेल, कारण बहुतेक लोक 'ते सगळं फेक असतं' म्हणून मोकळे होतात आणि ते बरोबर नाही.

मी नोकरी सांभाळून इथल्या, म्हणजे पुण्यातल्या, हौशी नाटकांना संगीत ऑपरेट करतो. भरत नाट्य मंदिर, सुदर्शन, कधीतरी बालगंधर्व. या कामात स्टेजपेक्षा प्रेक्षकांकडे कान जास्त ठेवावा लागतो. एक उदाहरण देतो. आमच्या एका फार्समध्ये साहेब आत बाथरूममध्ये लपलेत हे प्रेक्षकांना माहितीये आणि नवरा बायकोला शपथेवर सांगतो की साहेब नागपूरला गेलेत. तेवढ्यात आतून साहेबांचा मोबाइल वाजतो. कागदावर क्यू, म्हणजे आवाज कधी द्यायचा त्याची खूण, एवढाच आहे, 'नागपूरला गेलेत', की रिंग. पण प्रत्यक्षात 'नागपूर'वर हशा येतो आणि त्या हशात रिंग दिली तर ती ऐकूच जात नाही, म्हणजे पुढचा मोठा लाफ गेला. बरं, हशा पूर्ण संपेपर्यंत थांबलं तर प्रवेश तिथंच बसतो. म्हणून हशा चढू द्यायचा, उतरायला लागू द्यायचा, आणि निम्म्यावर आला की बटण. तोपर्यंत नवऱ्याचं काम करणारा नट काय करतो ते बघण्यासारखं असतं, तो बायकोच्या हातातला चहाचा कप घेतो, बघतो, परत देतो. हे स्क्रिप्टमध्ये कुठंच नाही, प्रयोग करता करता हशानं त्याच्याकडून ते काढून घेतलंय.

सिटकॉम हा प्रकार मुळात इथूनच आलाय. हसणं हे वरून लावलेलं डेकोरेशन नाही, त्याच्याभोवती लिखाण, सेट, कॅमेरे, ॲक्टिंग सगळं बांधलेलं आहे.

१९५१ मध्ये अमेरिकेत सीबीएस या चॅनलवर आय लव्ह लूसी हे सिटकॉम सुरू झालं. तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाइव्ह व्हायचे आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जे दिसायचं ते म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर फिल्मचा कॅमेरा लावून काढलेली कॉपी, एकदम धुरकट. त्यातली मुख्य नटी ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा डेझी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. मग त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर, तीन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवून, समोर प्रेक्षक बसवून, नाटकासारखं सलग शूट करायचं ठरवलं. खर्च वाढला म्हणून स्वतःचे पैसे कमी घेतले आणि बदल्यात फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली, ज्याच्यावर पुढं रीरन्सचा सगळा धंदा उभा राहिला. कॅमेरामन होता कार्ल फ्रॉइंड, जर्मन मूकपटांच्या काळातला मोठा माणूस. आता अडचण बघा, सिनेमात प्रत्येक शॉटला लाइट बदलतात, इथं तीन कॅमेरे एकदम चालू, समोर लोक बसलेत, लाइट बदलायला थांबलात तर लोक थंड पडणार. त्यानं सगळा सेट वरून सपाट, एकसारखा उजळून टाकला. सिटकॉम आजही तसे लखलखीत दिसतात त्याचं मूळ तिथं आहे. तीनच भिंती असतात त्याचंही कारण हेच, चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि त्यांच्या मागं लोक.

मग फेक हसणं कुठून आलं? सीबीएसमध्येच चार्ल्स डग्लस नावाचा साउंड इंजिनिअर होता. त्याच्या लक्षात आलं की लोक कधी नको तिथं हसतात, कधी हवं तिथं हसत नाहीत. त्यानं पन्नासच्या दशकात एक पेटी बनवली, टाइपरायटरसारखी बटणं, प्रत्येक बटणाला वेगळं हसणं, कुठं खुदकन, कुठं गडगडाट, आणि पायात पेडल, हसणं किती वेळ चालवायचं त्यासाठी. ही पेटी तो कुलूप लावून ठेवायचा, आत काय आहे ते कुणाला बघू द्यायचा नाही. साठच्या दशकात बिविच्डसारखे कितीतरी कार्यक्रम एका कॅमेऱ्यावर सिनेमासारखे शूट व्हायचे, समोर एकही प्रेक्षक नाही, तरी हसणं आहे, ते असं पेटीतलं. तुमचे मित्र जे 'फेक' म्हणतात ते हे, आणि या काळाबद्दल ते बरोबरच आहेत.

मॅशची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. युद्धातल्या हॉस्पिटलवरची कॉमेडी, १९७२ ते १९८३. बनवणाऱ्यांना हसणं नको होतं, चॅनलला हवंच होतं, शेवटी तडजोड अशी की ऑपरेशन थिएटरच्या सीन्समध्ये हसणं नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं तर ती बहुतेक हसण्याशिवायच दाखवली. यूट्यूबवर दोन्ही तऱ्हा मिळाल्या तर एकामागोमाग एक बघा. हसण्यासकट डॉक्टर लोक गमत्ये वाटतात आणि हसणं काढलं की तीच वाक्यं बोलणारी माणसं थकलेली, घाबरलेली वाटतात, फरक ऐकताना अंगावर येतो.

त्याच्या उलट १९७१ ला ऑल इन द फॅमिली ही मालिका आली आणि प्रेक्षक परत स्टुडिओत आले. पुढं चीअर्सच्या सुरुवातीला तर चक्क सांगायचे की हे स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर शूट केलंय, कारण पेटीमुळे लोकांचा विश्वास उडालेला होता.

आता फ्रेंड्स. ते खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचं आणि अशा सिटकॉमचा आठवडा साधारण एकसारखाच असतो. सुरुवातीला टेबल रीड, म्हणजे सगळे बसून स्क्रिप्ट मोठ्यानं वाचतात, लेखक कुठं हशा पडला कुठं नाही त्या खुणा करतात, रात्री बसून परत लिहितात. मग तालमी, रोज बदल, बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापून वाटतात म्हणजे जुनं-नवं गोंधळ नको. मग कॅमेऱ्याची तालीम आणि शेवटच्या दिवशी लोक. बावीस मिनिटांच्या भागाला पाच-सहा तास शूट चालायचं, मध्ये मध्ये लोकांना ताजं ठेवायला एक कॉमेडियन नुसता त्यांच्याशी गप्पा मारायला ठेवलेला. आणि मला खरं कौतुक आहे ते याचं, की एखादा जोक पडला नाही तर लेखक तिथंच सेटवर घोळका करून नवीन वाक्य देतात, नट ते दोन मिनिटांत घेऊन परत सीन करतात. दहा वर्षं हे चाललं. १९९८ ला लंडनला शूट झालेल्या भागात मोनिका चँडलरच्या पांघरुणातून वर येते, तिथं लोकांनी इतका जल्लोष केला की लेखकांनी त्या दोघांचं जे प्रकरण थोडक्यात आटपायचं ठरवलं होतं ते पुढच्या सगळ्या सीझन्समध्ये राहिलं. नुसत्या आवाजानं गोष्ट बदलली! साइनफेल्ड या सिटकॉममध्ये उलटं झालं, त्यातला क्रेमर दारातून घुसला की टाळ्या इतक्या पडायला लागल्या की सीनची लय तुटायची, शेवटी लोकांना सांगावं लागलं की तो आला की टाळ्या वाजवू नका.

पण मग तेही शंभर टक्के खरं का, तर तसंही नाही. तोच सीन दुसऱ्यांदा केला की जोक माहीत असतो, लोक कमी हसतात. ॲक्टिंग दुसऱ्या टेकची चांगली असेल तर एडिटर हसणं पहिल्या टेकचं उचलतो. कधी लोक फार वेळ हसले तर कापतात, कट जिथं जोडलाय तिथं हसणं खाडकन तुटू नये म्हणून थोडं वरून भरतात. त्या लोकांच्या भाषेत हे स्वीटनिंग. आणि एक मधली तऱ्हा, हाउ आय मेट युअर मदर. त्यात फ्लॅशबॅक आणि छोटे छोटे सीन इतके की लोक बसवून शूट करणं शक्य नव्हतं, म्हणून आधी शूट, एडिट, आणि मग तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचं हसणं रेकॉर्ड करायचे.

तुम्ही लिहिलंय की हसणं काढलेले बिग बँगचे व्हिडिओ बघितले आणि सगळं भकास वाटलं, म्हणजे जोकच वाईट होते. हे मला अजिबात पटत नाही. तो नट हशासाठी थांबलाय, तुम्ही हशा काढलात आणि थांबणं ठेवलंत, भकास वाटणारच. भरतला एखाद्या नाटकाची रंगीत तालीम रिकाम्या खुर्च्यांसमोर बघा, तीच पोकळी दिसेल, नाटक कितीही चांगलं असलं तरी. द ऑफिस बघा, २००१ ची बीबीसीची. त्यात हसणं नाही आणि भकासही वाटत नाही, कारण ती तशीच लिहिलीये, जोक झाला की अवघडलेली शांतता आणि कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघतं. हशाची जागा आधीपासून त्या नजरेला दिलेली आहे.

मग आपल्याकडे असं का रुजलं नाही, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. माझं मत असं की कारण पैसा नाही, वेळ. चिमणराव-गुंड्याभाऊ, श्रीयुत गंगाधर टिपरे, या आठवड्याला एक भाग अशा मालिका होत्या आणि त्यातली माणसं आजही लोकांच्या घरातली वाटतात, दिलीप प्रभावळकरांचं दोन्हीतलं काम बघा, चिमणराव आणि आबा, कुठंही घाई नाही. पुढं मालिका रोजच्या झाल्या. फ्रेंड्सचे दहा वर्षांत २३६ भाग, बीबीसीच्या फॉल्टी टॉवर्सचे तर फक्त १२, आणि तारक मेहता २००८ पासून ४,००० च्या वर गेलीये. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे तर टेबल रीड कधी करणार आणि न पडलेला जोक बदलणार कधी? मग जोकनंतर बोइंग आणि ढॅण् असे आवाज टाकून भागवतात. हशा ऐकून काम करायचं कसब आपल्याकडे भरपूर आहे, पण ते नाटकात आहे, नाहीतर हास्यजत्रेसारख्या स्किटच्या कार्यक्रमांत, आणि ते नटही बरेचसे एकांकिका करतच वर आलेत. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरतला जो आरडाओरडा असतो त्यात टायमिंग टिकवलेली मुलं कुठंही टिकतात.

आता तुमच्या सिरीजचं. ती लोक मोबाइलवर, इयरफोन लावून, बहुतेक एकटे बघणार. एकट्या माणसाच्या कानात अनोळखी लोकांचं हसणं सोडलं, आणि तेही इंटरनेटवरून उतरवलेलं अमेरिकन हसणं, तर तो तुमच्या फ्लॅटमधून बाहेर फेकला जातो. तुमचे सीन खऱ्या चार भिंतींत, एका कॅमेऱ्यावर आहेत, तिथं हसणारे लोक बसलेत कुठं?

पण हशा मोजल्याशिवाय शूटही करू नका. स्क्रिप्ट झाली की वीस-पंचवीस लोक जमवा, सोसायटीचा हॉल चालेल, कुणाची गच्ची चालेल, आणि नटांकडून मोठ्यानं वाचून घ्या. सगळे मित्रच बोलावू नका, मित्र वाक्याला नाही, वाचणाऱ्याला हसतात. शेजारच्या काकू, कुणाचे बाबा, ऑफिसमधले दोघंतिघं असे मिसळून बोलवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट समोर घेऊन ऐका, हशा कुठं पडला, किती वेळ, कुठं पडायला हवा होता आणि खोकला ऐकू आला. जिथं पडला नाही तिथं वाक्य लहान करून बघा, बऱ्याचदा गमतीचा शब्द मधे अडकलेला असतो आणि त्याच्या मागं उगाच दोन शब्द लोंबत असतात, तो शेवटी न्या.

शूटला, जिथं वाचनात मोठा हशा होता तिथं ऐकणाऱ्याचा क्लोज, म्हणजे जवळून चेहऱ्याचा शॉट, नक्की घ्या. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा. नटाला तिथं हाताला काम द्या, दूध उतू जातंय, चार्जर सापडत नाहीये, काहीही, म्हणजे ती जागा रिकामी राहत नाही आणि हसणाऱ्याला हसायला वेळही मिळतो. एडिट झाल्यावर परत नवीन लोकांना दाखवा, यावेळी दोघंदोघं आणि मोबाइलवरच, आणि तुम्ही स्क्रीनकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसा. त्यांच्या हसण्यात पुढचं वाक्य बुडत असेल तर ऐकणाऱ्याचा क्लोज एक सेकंद वाढवा, आणि ते नुसतेच वाट बघत बसलेले दिसले तर तो क्लोज कापा.