कोकणातल्या छोट्या रुग्णालयात नर्सिंग सुधारून रुग्णांचं समाधान वाढवता येतं का?

येतं, आणि त्यासाठी आधी पैसा नको, मोजमाप हवं. कुडाळकडच्या एका वॉर्डात मी इन्चार्ज सिस्टर होते. तक्रार ठरलेली: "बेल मारली तरी कोणी येत नाही." आठवडाभर आम्ही बेल वाजल्याची आणि सिस्टर पोचल्याची वेळ वहीत लिहिली. बहुतेक बेल पाणी, बेडपॅन, दुखणं नाहीतर संपत आलेलं सलाईन यांसाठीच! मग न बोलावता दर तासाला फेरी सुरू केली, रात्री २ तासांनी. आधी फक्त ६ खाटांवर. जमलं तसं वाढवलं. ठरवा, करून बघा, तपासा, सुधारा, यालाच पीडीएसए (प्लॅन, डू, स्टडी, ॲक्ट) म्हणतात.

ड्युटी बदलताना हँडओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णाची माहिती, टेबलापाशी न देता खाटेशेजारी द्या. आता आपल्याला कोण बघणार हे रुग्णाला कळतं, राहिलेला डोसही तिथेच सापडतो. खासगी गोष्टी मात्र बाजूला बोला.

रुग्णांच्या मुंबईतल्या चाकरमानी मुलांना फोनची एक वेळ ठरवून द्या, नाहीतर वॉर्डचा फोन दिवसभर वाजणार.

आणि अभिप्रायाचा फॉर्म सिस्टरनेच भरून घेऊ नये. समोर उभं राहून विचारलंत तर आजी "सगळा बरा आसा" एवढंच म्हणणार.