मानसिक आजार नसताना समुपदेशकाकडे जाऊन काही फायदा होतो का? किती सेशन लागतात? मित्रांशी बोललं तर पुरत नाही का?

होतो. आणि मित्रांशी बोलणं पुरत नाही. या शेवटच्या प्रश्नावर जरा जास्त लिहितोय, कारण आमच्या घरात तो वाद अजून मिटलेला नाही.

तुमची झोप, भूक, नोकरी सगळं ठीक आहे, फक्त स्वभावातल्या काही गोष्टी बदलायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझंही तसंच होतं. मी कराडजवळच्या एका अनुदानित शाळेत शिक्षक आहे. दरमहा पगार येणारा माणूस म्हणजे भावकीतला हक्काचा जामीनदार. कोणीतरी पतसंस्थेचा फॉर्म घेऊन दारात यायचं, चहा व्हायचा आणि मी सही करायचो. एका नातेवाइकाचं कर्ज थकलं, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम मला तेव्हाही माहीत होतं: कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. तरी पुढचा माणूस फॉर्म घेऊन आला की माझा हात पेनाकडे जायचाच.

मित्र म्हणायचे, सरळ नाही म्हण ना. ते मला कळत नव्हतं का? प्रत्येक सहीच्या वेळी कळत होतं.

समुपदेशक मॅडमनी पहिल्या भेटीत सल्ला दिलाच नाही. फॉर्म समोर आल्यापासून सही होईपर्यंत डोक्यात काय काय येतं, ते लिहून आणायला सांगितलं. लिहायला बसलो तर निघालं ते असं: आत्याला वाईट वाटेल. गावात म्हणतील, नोकरी लागली आणि माणूस बदलला. वडील असते तर त्यांनी असं केलं नसतं. या सगळ्याच्या मुळाशी एकच हट्ट होता, की माझ्याबद्दल कोणाचंही मत वाईट होता कामा नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती ती हीच. घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये जो समज बसलेला असतो, त्याला ती हात घालते.

पण समज सापडला म्हणून काम झालं नाही, पुढे गृहपाठ होता. एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचे. मग न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन, बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी ठरवून बोलत राहिले, भीती जाईपर्यंत. मला मॅडमनी कापडाच्या दुकानात पाठवलं. दुकानदारानं शर्टांचा ढीग उलगडला की त्याच्याकडे बघून ‘नको, यातलं काही घ्यायचं नाही’ म्हणायचं आणि कारण न देता बाहेर पडायचं. पहिल्यांदा कान तापले. नंतर नंतर जमायला लागलं.

मग आतेभाऊ फॉर्म घेऊन आला. त्याआधीच वहीत लिहून ठेवलं होतं, नाही म्हटलं तर काय काय होईल, आणि प्रत्येकापुढे किती टक्के शक्यता. आत्या बोलणं टाकेल: ९०. त्याला म्हटलं, ‘भाऊ, मी आता कुणालाच जामीन राहत नाही. बाकी काय लागेल ते सांग.’ तो चहा अर्धा टाकून उठला. आत्या मात्र पुढच्या आठवड्यात आपणहून आली आणि गुडघेदुखीचंच बोलत बसली. आतेभाऊ अजून तुटक वागतो. ते मला खुपतं, पण सोसवतं. पूर्वी सोसवत नाही म्हणूनच सही व्हायची.

दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, म्हणतात, ‘परक्याला पैसे देऊन आपल्याच माणसाला नाही म्हणायला शिकलास. घरात विचारायला कोणी नव्हतं?’ होतं की. पण घरातल्या प्रत्येकाला माझ्या होकारातून काहीतरी हवं होतं. दादालाही ट्रॅक्टरच्या कर्जाला माझी सही हवी होती. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, माझ्या डी. एड. ची फी त्यांनी म्हैस विकून भरली. तरीही या बाबतीत त्यांचा सल्ला निरपेक्ष असणं शक्य नव्हतं. मित्रांचंही तेच. ते आपली बाजू घेतात किंवा विषय बदलतात, वही तपासत नाहीत.

किती सेशन, हे माणसागणिक वेगळं. पहिल्याच भेटीत ‘नेमकं काय बदलायचंय’ हे दोघांनी ठरवावं आणि अधूनमधून ते तपासावं. जो पहिल्या दहा मिनिटांत उपदेश सुरू करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. समुपदेशकाची पाटी कोणीही लावतो, म्हणून शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी विचारा, त्यात संकोच नको. आणि हे सगळं तुमच्यासारख्या ठीक असलेल्या माणसासाठी आहे. झोप-भूक उडाली, जीव नकोसा झाला, तर गृहपाठ करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा, १४४१६, रात्रंदिवस आणि मोफत आहे, मराठीतही बोलतात.

घरी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगितलं. दादा दर दिवाळीला सगळ्यांसमोर तो विषय काढतात आणि मी दर वेळी तेच सांगतो: मॅडमची सगळी फी मिळूनही त्या एका जामिनापायी पगारातून कापल्या गेलेल्या रकमेपेक्षा कमी होती.